मदत हवी आहे: काळ्या मातीवर रीच स्टॅकर (कंटेनर उचलून थर लावायचं मशीन) चालेल का?

राम राम मंडळी. आम्ही सावद्याकडचे, केळीवाले. एक्स्पोर्टचा माल रीफरमधे (गार ठेवणाऱ्या कंटेनरमधे) भरून न्हावाशेवा बंदरात जातो पण ऐन हंगामात रिकामा डबा वेळेवर मिळत नाही, म्हणून साडूच्या रोडटच दोन एकरात 25-30 रिकामे कंटेनर ठेवायचं छोटं यार्ड करायचं डोक्यात आहे.

आता उचलायचे कशाने? मागे एक 40 फुटी रीफर उतरवायला दोन हायड्रा क्रेन बोलावल्या होत्या. पट्टे लावले, उचलला, अन् ट्रेलरचं मागचं टोक पण डब्यासोबत वर यायला लागलं. एका कोपऱ्याचं ट्विस्ट लॉक (डबा ट्रेलरला अडकवायचा खटका) उघडायचंच राहिलं होतं! ड्रायव्हर बोंबलला म्हणून वाचलो.

तर एक डीलर जुना 45 टनी रीच स्टॅकर देतोय, म्हणतो पाच थर लावा, मागच्या रांगेतला पण काढा. आमचा रिकामा रीफर फार तर पाच टनाचा, मग 45 टन कशाला हाच मला प्रश्न पडलाय. तो म्हणतो पुढे भरलेले पण उचलता येतील. दुसरी भीती जमिनीची. काळी माती आहे, उन्हाळ्यात कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात अन् पावसाळ्यात रिकामा ट्रॅक्टर रुततो. मुरूम टाकून दाबला तर भागेल का? कोणी वापरलं असेल तर सांगा.

भुसावळकर_ऑपरेटर: भो, मुरमावर ते मशीन उतरवायचा विचारच सोडा. रीच स्टॅकर नुसता उभा असला तरी 70 टनाच्या आसपास, भरलेला डबा समोर धरला की बहुतेक भार पुढच्या एक्सलवर येतो, 100 टनाच्या घरात. तिथे खालची काळी माती काढून नीट बेस अन् जाड काँक्रीटच लागतं. अन् 45 टन हे फक्त पहिल्या रांगेत, बूम (डबा धरणारा हात) लांब केला की ताकद घटते, दुसऱ्या रांगेत तीसेक टन, तिसऱ्यात त्याच्या निम्मीच. केबिनमधे लोड चार्ट (किती लांबवर किती टन चालतं त्याचा तक्ता) असतो, तो आधी बघा, अन् जास्त भार झाला की मशीन अडवणारा लोड लिमिटर चालू आहे का तेही.

तुम्हाला फक्त रिकामेच ठेवायचे तर एम्प्टी हँडलर बघा, फोर्कलिफ्टसारखा मास्ट (उभा खांब) असतो, डबा एका बाजूने वरच्या कोपऱ्यांत धरतो, आठ-नऊ टन उचलतो. वजनाने बराच हलका, पण काळ्या मातीवर बेस त्यालाही लागेलच. अन् थर दोनच ठेवा, तुमच्याकडचं वावधान (वादळी वारं) केळीची बाग आडवी करतं, वरचा रिकामा डबा पण ढकलेल.

धागाकर्ता: धन्यवाद भाऊ, वावधानाचं खरंच डोक्यात नव्हतं. डीलरला लोड चार्टचा फोटो मागितला, म्हणे स्टिकर निघून गेलं. एम्प्टी हँडलर आपल्याकडे भाड्याने कुठे मिळतो का, भुसावळ-जळगाव साइडला? अन् ऑपरेटर त्याच्यासोबतच येतो की वेगळा बघावा लागतो?