काकांचं डायव्हिंगचं घड्याळ: डायल रंगवून घेऊ का? आजच सांगा

गोदाकाठ, परभणी
थोरले काका जहाजावर होते, त्यांचं जुनं डायव्हिंगचं घड्याळ माझ्याकडे आलंय. इथले घड्याळजी म्हणतात, डायल रंगवून, बॉडी पॉलिश करून नव्यासारखं करून देतो. संध्याकाळी सातला काम हातात घेणार आहेत. करू का नको, एवढंच सांगा.

मांजरातीर, लातूर
कंपनी कोणती? चालू आहे का बंद? फोटो टाका.

गोदाकाठ
ओमेगा. चालू आहे, दिवसाला आठ-दहा मिनिटं मागं पडतं. फोटो चढेना. करू का नको?

देवगिरी७२
बिनधास्त करा. वडिलांचं एचएमटी जनता मी असंच रंगवून घेतलं, रोज घालतो, लोक विचारतात कुठून आणलं.

मांजरातीर
देवगिरी, जनताचा हिशेब इथं लावू नका. जुन्या डायव्हिंग घड्याळाची किंमत मूळ डायलमध्ये असते. रंगवलेल्या डायलला परदेशातले संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि बाजूला ठेवतात.
गोदाकाठ, डायलवर नाव काय आहे? तारखेची खिडकी आहे का? सहाच्या खाली काय लिहिलंय?

गोदाकाठ
सीमास्टर ३००. खिडकी नाही. खाली बारीक अक्षरात स्विस मेड, दोन्ही बाजूंना एकेक टी. रेडियम चहाच्या डागासारखं पडलंय, अंधारात काही दिसत नाही. म्हणून तर रंगवायचं म्हणालेत.

मांजरातीर
भाऊ, ते रेडियम नाही, ट्रिटियम आहे. दोन टी त्याचेच. रेडियम घातक म्हणून १९६० च्या दशकात मागे पडलं आणि हे आलं. ट्रिटियमची ताकद दर १२ वर्षांनी निम्मी होते, आता चमकणार कुठून? उलट लख्ख चमकलं असतं तर मला शंका आली असती.

देवगिरी७२
अंधारात वेळ दिसत नाही ते घड्याळ कशाला ठेवायचं? वस्तू वापरायला असते.

मांजरातीर
वापरू द्या की. पण मूळ डायल एकदा खरवडला की परत मिळत नाही.

वेरूळकर
ब्रिटिश सैन्याचा राखाडी नायलॉनचा पट्टा लावा, १९७३ पासूनचा तो नमुना. या घड्याळावर उठून दिसतो. आणि खरं डायव्हिंगचं घड्याळ म्हणाल तर १९५३ चं ब्लांपां फिफ्टी फॅदम्स, सीमास्टर ३०० आलं १९५७ ला.

देवगिरी७२
मग ओमेगाचंच १९३२ चं मरीन कुठं गेलं?

मांजरातीर
त्यासाठी वेगळा धागा काढा, त्यांना सातला उत्तर द्यायचंय. गोदाकाठ, मशीन फक्त साफ करून ऑइलिंग करा, त्यानं मागं पडणं थांबेल. पॉलिश अजिबात नको, पट्टा अडकतो त्या कानांच्या तिरप्या धारा गोल होतात. झाकण तुमच्यासमोर उघडायला लावा, आतला नंबर बघा. आणि पाणी लागू देऊ नका, आतली रबरी रिंग कडक झाली असणार.

गोदाकाठ
दुकानातच आहे. आत १६५.०२४ लिहिलंय. रंगवू नका म्हणून सांगितलं. झाकणावर समुद्रघोडा आहे, त्याच्या खाली काकांनी सुईनं आपलं नाव टोचलंय. तेवढं घासून देतो म्हणतात.

मांजरातीर
नंबर बरोबर आहे, साठच्या दशकातलं बिनतारखेचं मॉडेल. नाव घासू देऊ नका, राहू द्या. काटे बदलू म्हणाले तरी जुनेच परत बसवायला सांगा.

गोदाकाठ
काटे काढून बाजूला ठेवलेत. डबीत आहेत. थांबा, सांगतो त्यांना.