चादर सकाळपर्यंत सुटते, रजई खोळीत गोळा होते; पलंग नीटनेटका आणि भारदस्त कसा दिसेल?

इस्त्रीमोड :
गादी ७२ × ७८ इंच, जाडी ८ इंच, वर २ इंचांचा टॉपर (गादीवर पसरायचा पातळ मऊ थर). चादर साधी सुती, इलॅस्टिक नसलेली, १०८ × १०८. पलंगाची एक बाजू भिंतीला टेकलेली. रात्री कितीही ताणून खोचली तरी चादर सकाळी उशाकडून सुटून मध्ये गोळा झालेली असते. रजई आणि तिची खोळ दोन्ही ९० × १०० आहेत, तरी आतली रजई पायथ्याला जमते आणि वरची दोन टोकं रिकामी लोंबतात. १७ × २७ च्या उशांना २० × ३० चे अभ्रे आहेत, त्या निजलेल्याच दिसतात. वर पाच कुशन ठेवून पाहिले. पलंग भारी दिसण्याऐवजी दुकानाचा काउंटर वाटतो. नेमकं कुठे चुकतंय?

चारकोपरे :
कुशन आधी उचलून ठेवा. पलंग उठून दिसतो तो खालच्या ताणामुळे आणि वरच्या फुगीरपणामुळे. तुमच्याकडे ताणच नाही, आणि त्याला साधा हिशेब कारणीभूत आहे.

टॉपरसकट जाडी १० इंच झाली. लांबीत ७८ अधिक दोन्ही बाजूंचे १०-१०, म्हणजे ९८ इंच कापड नुसतं गादी झाकण्यातच संपलं. उरले १०, एका टोकाला ५. त्यात नवी सुती चादर पहिल्या एक-दोन धुण्यांत तीन ते पाच टक्के आटते. पाच टक्के धरले तर १०८ ची १०२-१०३ होते आणि खोचायला टोकाला जेमतेम २ इंच राहतात. दोन इंच खोचलेली चादर कुशीवर वळलं की सुटणारच. किमान ८ इंच आत गेले पाहिजेत.

नवी घेणार असाल तर सूत्र असं : गादीची लांबी, अधिक जाडीच्या दुप्पट, अधिक १६, आणि वर आटण्यासाठी ५-६ इंच. तुमच्यासाठी ती १२० च्या आसपास जाते. इलॅस्टिकची घेतलीत तर तिच्या खिशाची खोली एकूण जाडीपेक्षा २-३ इंच जास्त हवी, आणि इलॅस्टिक चारही बाजूंनी फिरलेलं हवं. नुसत्या कोपऱ्यांना असेल तर कडा वर सरकतात.

आहे त्याच चादरीत भागवायचं तर जास्तीचं सगळं कापड उशाकडे द्या. झोपेत शरीर खाली सरकतं, त्यामुळे ओढ उशाकडच्या टोकावर येते. पायथा थोडा कमी खोचला गेला तरी वर रजईचं वजन असतं.

आता कोपरा. काही जण याला पाकिटाची घडी म्हणतात, काही जण हॉस्पिटल कॉर्नर. आधी टोकाची बाजू पूर्ण खोचा. कोपऱ्यापासून साधारण १५ इंचांवर, बाजूने लोंबणारी कड चिमटीत धरून उचला आणि गादीवर टाका. वर तिरपा त्रिकोण दिसेल. खाली जे शेपूट लोंबतं ते गादीखाली सारा. एक तळहात गादीच्या उभ्या कडेवर दाबून ठेवा, त्रिकोण खाली उतरवा आणि मग खोचा. तो तळहात आधी उचलला की घडी उघडते, बहुतेकांचं इथेच बिनसतं. कोपऱ्याच्या फार जवळ चिमूट धरली तर त्रिकोण छोटा होतो आणि तिथे गाठोडं दिसतं.

चारही कोपरे झाल्यावर बाजू सर्वांत शेवटी. गादी चार बोटंच उचला. फार उचलली तर ती वाकते आणि खाली सोडताना खोचलेलं कापड ओढून बाहेर काढते.

मऊशार :
हिशेब पटला, पण नवी चादर न घेताही मार्ग आहे. चादर गादीखाली न खोचता टॉपरखाली खोचा. लांबीत मग फक्त ७८ अधिक २ अधिक २, म्हणजे ८२ इंच झाकायचे. आटलेल्या चादरीतूनही प्रत्येक टोकाला १० इंच आत जातात. शिवाय टॉपर हलका असतो, भिंतीकडची बाजू एका हाताने होते.

चारकोपरे :
होते, पण दोन अडचणी. टॉपर गादीवर सरकतो आणि गादीची बाजू उघडी पडते, भारदस्तपणा तिथेच गेला. पलंगाची चौकट उंच असेल आणि गादी तिच्यात ६-७ इंच बसत असेल, तर मात्र मला हे मान्य आहे. नाहीतर गादीला चादरीच्याच रंगाचं इलॅस्टिकवालं कव्हर घाला आणि टॉपरखाली गालिच्याखाली घालतात ती रबरी जाळी पसरा.

भिंतीकडची बाजू नेहमी आधी करा. पलंग वीतभर पुढे ओढता आला तर उत्तम; नाहीच सरकला तर लाकडी फूटपट्टीने कापड आत ढकला.

दुलईदार :
रजईबद्दल. माप जुळतंय, म्हणजे दोष बांधणीत आहे. खोळीच्या आत चारही कोपऱ्यांना ८-८ इंचांच्या नाड्या शिवा आणि रजईच्या कोपऱ्यांना कापडी फासे. एवढ्याने टोकं रिकामी पडायची थांबतात. पुढे कधी रजई बदललीत तर खोळीएवढी किंवा इंच-दोन इंच मोठी घ्या, लहान कधीच नको.

खोळ चढवायला आत शिरून कुस्ती खेळायची गरज नाही. खोळ उलटी करून पलंगावर पसरा. तोंड पायथ्याकडे, बंद बाजू उशाकडे. तिच्यावर रजई, चारही नाड्या बांधा. आता उशाकडून दोन्ही मिळून घट्ट गुंडाळी करत पायथ्यापर्यंत या. तोंडाशी आलात की खोळीची कड दोन्ही टोकांना गुंडाळीवरून उलटवा, जशी मोज्याची जोडी एकात एक घालतो. बटणं लावा आणि गुंडाळी परत उशाकडे उलगडा.

आणखी एक. ९० इंच रुंदीची खोळ भरल्यावर फुगते आणि प्रत्यक्षात तीन-चार इंच कमी भरते. तुम्हाला दोन्ही बाजू झाकायला ९२ हवेत. म्हणून कड गादीच्या उभ्या बाजूवर मध्येच थांबते आणि सगळं आखूड दिसतं. ती लांबीत तिहेरी घडी करून पायथ्याशी आडव्या पट्ट्यासारखी ठेवा. आखूडपणा लपतो, वर फुगीर घडीही दिसते.

इस्त्रीमोड :
टॉपरखाली खोचून पाहतो, चौकट उंचच आहे. उशांचं काय? आणि रोज पूर्ण चादर इस्त्री करणं शक्य नाही.

मऊशार :
पूर्ण इस्त्री कोण करतं! दिसतं तेवढंच करा : अभ्रे आणि पांघरायच्या चादरीची उशाकडची फूटभर पट्टी, किंचित ओलसर असतानाच. ही चादर पसरताना सुलटी बाजू खाली ठेवा, म्हणजे उशाशी ६ इंच दुमडली की सुलटी बाजू वर येते. बाकीच्या चादरीवर पाण्याचा बारीक फवारा मारून मधून कडेकडे तळहात फिरवा, आणि पंधरा-वीस मिनिटं तशीच उघडी ठेवा. ओलसरपणावर लगेच रजई टाकलीत तर कुबट वास धरतो.

मुळात सुरकुत्या मशीनमध्ये पडतात. ठासून भरलं की चादरींचा पीळ होतो आणि त्या घड्या पक्क्या बसतात. चादरी वेगळ्या लावा, निघाल्या की दोघांनी चार टोकं धरून झटका.

उशांना तीन इंच मोठे अभ्रे आहेत, म्हणून त्यांचे कान लोंबतात. अभ्रा उशीएवढा किंवा फार तर इंचभर मोठा हवा. नवे घ्यायचे नसतील तर उलटे करून बाजूने आणि बंद टोकाला शिवण आत घ्या. उशी मधोमध दुमडून सोडा. स्वतःहून उघडली नाही तर आतला कापूस किंवा फायबर संपलंय, तिला कुठलाच अभ्रा वाचवणार नाही. कुशनचं गणित उलटं : १८ इंचांच्या खोळीत २० इंचांचं आतलं भरण.

७२ इंचांच्या पलंगावर मागे २४ इंचांच्या तीन चौकोनी उश्या काटेकोर बसतात, त्यांच्यापुढे तुमच्या दोन. हवंच तर सर्वांत पुढे एक लांबट कुशन. अभ्र्यांची उघडी तोंडं पलंगाच्या बाहेरच्या कडांकडे नकोत, एकमेकींकडे वळवा. आणि कुशनच्या डोक्यावर हाताने खाच पाडायचा नाद पिसांच्या भरणातच करा. फायबर मिनिटात परत वर येतं आणि वाकडं दिसतं.