फोनवर आलेलं वायफाय कॉम्प्युटरला द्यायला अ‍ॅप कुठलं घ्यावं? (हॉटस्पॉट लावला की वायफायच बंद होतं)

सोलकढी_वाली:
मंडळी मदत हवी आहे आणि जरा घाईची आहे. मी कुडाळजवळ गावात राहते, घरूनच चारपाच दुकानदारांचे हिशोब आणि जीएसटी रिटर्न भरायचं काम करते. २० तारखेच्या आत ३बी (जीएसटीचं रिटर्न) जायला हवं. घर जुनं, जांभ्याच्या जाड भिंती, माजघरात मोबाइलला रेंज म्हणून येत नाही. आता शेजारच्या काकांकडे फायबर आलंय, त्यांनी आपणहून पासवर्ड दिला, पण ते वायफाय फक्त पडवीच्या खिडकीपर्यंतच पोचतं. फोन खिडकीत ठेवला तर मस्त चालतं. कॉम्प्युटर मात्र आत आहे, डेस्कटॉप, विंडोज १०, त्याला वायफायच नाही.
हॉटस्पॉट लावून बघितला तर फोनचं वायफाय बंद होतं आणि तो मोबाइल डेटावर जातो, म्हणजे पुन्हा रेंज नाही. वर डेस्कटॉपला हॉटस्पॉट दिसणारच कसा म्हणा. प्ले स्टोअरवर 'हॉटस्पॉट', 'टेदर', 'नेट शेअर' टाकलं की ढीगभर अ‍ॅप येतात, सगळ्यांना साडेचार स्टार. एक घेतलं तर आधी जाहिरात, मग कॉन्टॅक्टची परवानगी, मग परत जाहिरात, शेवटी फोनच्या सेटिंगमध्येच नेऊन सोडलं! कुणी वापरलेलं, भरवशाचं, शक्यतो फुकटातलं अ‍ॅप सांगाल का? फोन अँड्रॉइड ११.

वायरमन:
ताई, ते अ‍ॅप काढून टाका आधी. हॉटस्पॉट आणि यूएसबी टेदरिंग (म्हणजे फोनचं नेट केबलने कॉम्प्युटरला देणं) हे अँड्रॉइडमध्ये २०१० पासून, म्हणजे २.२ पासून आहेच. आणि अँड्रॉइड ८ पासून साध्या अ‍ॅपला जो हॉटस्पॉट चालू करता येतो तो फक्त दोन फोनमध्ये फायली वगैरे पाठवायच्या कामाचा, त्यातून इंटरनेट जात नाही. म्हणून ही बरीचशी अ‍ॅप तुम्हाला सेटिंगच्या पानावर नेऊन सोडतात आणि मधल्या मधे जाहिरात दाखवून पैसे कमावतात. लोकेशनची परवानगी मागितली तर लगेच घाबरू नका, आजूबाजूची वायफाय शोधायला अँड्रॉइडच ती मागायला लावतं. पण कॉन्टॅक्ट कशाला हवेत त्यांना?
तुमच्या कामाला अ‍ॅप लागतच नाही. फोन डेटा केबलने कॉम्प्युटरला जोडा, सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंगमध्ये जाऊन यूएसबी टेदरिंग चालू करा. लोकांना वाटतं याच्यातून फक्त मोबाइल डेटा जातो, तसं नाहीये. फोन वायफायवर असेल तर तेच वायफाय केबलमधून पुढे जातं, म्हणजे तुमचा फोनच डेस्कटॉपचं वायफाय कार्ड होतो. साधी यूएसबी केबल ५ मीटरपर्यंत धरून चाला, त्याच्या पुढे भरवसा नाही.

गजाली:
गो बाय, ह्या अ‍ॅपाफॅपाच्या नादाक लागा नको. वायरमन सांगता तसा केबल जोड आणि गप रव. नायतर एक वायफायचो डोंगल घे, चारपाचशे रुपयांत येता.

वायरमन:
डोंगल वाईट नाही पण माजघरात वायफाय पोचतच नाही ना, मग डोंगल तरी काय करणार. त्यालाही खिडकीपर्यंत एक्स्टेन्शन ओढायला लागेल. आणि घेतलाच तर २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा बघून घ्या, ५ वाला स्पीडला भारी पण जांभ्याच्या भिंतीपुढे लवकर मान टाकतो.

सोलकढी_वाली:
दादा केबल लावली, चार्जिंग होतंय पण यूएसबी टेदरिंगचा ऑप्शन फिका दिसतोय, दाबलाच जात नाही. फोन रीस्टार्ट करून झाला.

वायरमन:
केबल कुठली आहे? पॉवर बँकबरोबर येतात त्यातल्या बऱ्याच नुसत्या चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या तारा नसतातच. फोटो कॉपी करताना जी चालते ती लावा. आणि डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टला लावली असेल तर मागच्या, मदरबोर्डवरच्या पोर्टला लावून बघा.

न्यूजर्सीकर:
मधेच बोलतो. अ‍ॅप अगदीच बिनकामाची असतात असं नाही हां. इकडे अमेरिकेत बऱ्याच प्लॅनमध्ये फोनवरचा डेटा भरपूर पण हॉटस्पॉटचा डेटा वेगळा मोजतात, तो संपला की स्पीड पार खाली. म्हणून इकडे पीडीएनेट, नेटशेअर, ईझीटेदर असली अ‍ॅप चालतात. पीडीएनेट तर अँड्रॉइडच्या आधी, पाम कंपनीच्या जुन्या फोनच्या काळापासून आहे. ती हॉटस्पॉटला हातच लावत नाहीत, कुणी वायफाय डायरेक्टवरून (राउटरशिवाय दोन उपकरणं थेट जोडणारं वायफाय) जातं, कुणी केबलवरून, त्यासाठी कॉम्प्युटरवरही त्यांचा प्रोग्रॅम टाकायला लागतो नाहीतर प्रॉक्सी (नेट ज्याच्यामार्फत जाणार त्या मधल्या दुव्याचा पत्ता) भरायला लागतो. भारतात साधारण जो रोजचा दीड-दोन जीबी असतो त्यातूनच हॉटस्पॉटचाही डेटा जातो ना, मग एवढी खटपट कशाला.

सोलकढी_वाली:
झालं!! दुसरी केबल लावल्यावर ऑप्शन लगेच उघडला, कॉम्प्युटरवर इथरनेटमध्ये 'रिमोट एनडीआयएस' असं काहीतरी लांबलचक नाव आलं आणि नेट सुरू. पोर्टल उघडलं. आता तीन कटकटी उरल्यात त्या पण विचारते. एक म्हणजे केबल जरा हलली की टेदरिंग बंद, परत खिडकीशी जाऊन चालू करा. दोन, ओटीपी आला की उठून पडवीत जायचं, तोवर तो संपतो. तीन, लेकाच्या टॅबला पण हेच नेट द्यायचंय, त्याचा क्लास असतो.

वायरमन:
एक: सेटिंगमध्ये अबाउट फोनमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन उघडतील. त्यात डिफॉल्ट यूएसबी कॉन्फिगरेशन म्हणून आहे तिथे यूएसबी टेदरिंग निवडून ठेवा, मग केबल लावली की आपोआप चालू व्हायला पाहिजे. एखाद्या कंपनीने तो ऑप्शन हलवलेला असतो, शोधा. बाकी कशाला हात लावू नका त्या पानावर.
दोन: गुगलच्या मेसेजेस अ‍ॅपमध्ये कॉम्प्युटरच्या ब्राउझरला फोन जोडायची सोय आहे, क्यूआर स्कॅन करायचा, मग एसएमएस समोर स्क्रीनवरच दिसतात. पण मुळात त्या खिडकीत एसएमएस येण्याइतकी रेंज आहे ना ते बघा.
तीन: यूएसबी चालू असतानाच ब्लूटूथ टेदरिंग पण लावा, टॅब ब्लूटूथने जोडा. स्पीड एक-दोन एमबीपीएस, आवाज आणि फळा दिसण्यापुरतं ठीक, एचडी व्हिडिओ विसरा. नाहीतर टॅबसाठी न्यूजर्सीकर म्हणतात त्यातलं नेटशेअर. फोनवर 'डायरेक्ट' नावाने सुरू होणारं वायफाय दिसेल, टॅबवर ते जोडून प्रॉक्सीमध्ये १९२.१६८.४९.१ आणि अ‍ॅप सांगेल तो पोर्ट भरायचा. पण प्रॉक्सीवर ब्राउझर चालतो, बाकीची अ‍ॅप कितीतरी वेळा प्रॉक्सीला जुमानत नाहीत, क्लासचं अ‍ॅप त्यातलंच निघालं तर डोक्याला ताप. खरं सांगायचं तर क्लासपुरतं लेकाला पडवीत बसवा.
आणि हो, मोबाइल डेटा बंद ठेवा. काकांची लाइट गेली की राउटर बंद, मग फोन गुपचूप डेटावर जाईल आणि विंडोज अपडेट तुमचा दिवसाचा पॅक अर्ध्या तासात फस्त करेल. सेटिंग, नेटवर्क, इथरनेटमध्ये ते कनेक्शन मीटर्ड (म्हणजे डेटा मोजका आहे असं विंडोजला सांगणं) करून ठेवा, बरीचशी अपडेट थांबतात.

न्यूजर्सीकर:
आणि ताई, डिजिटल सही वापरत असाल तर डेस्कटॉपवर प्रॉक्सी नकोच. सहीचा प्रोग्रॅम कॉम्प्युटरच्या आतल्या आतच ब्राउझरशी बोलतो, प्रॉक्सीमुळे तो रुसतो. शिवाय लोकांचे जीएसटी लॉगिन आहेत तुमच्याकडे, अनोळखी अ‍ॅपमधून ते कशाला फिरवायचे. एचटीटीपीएसमुळे (साइटशी होणारं बोलणं कुलूपबंद असल्यामुळे) पासवर्ड दिसत नाही हे मान्य, तरी कुठल्या साइटवर गेलात ते कळतंच.

सोलकढी_वाली:
मीटर्ड केलं, मोबाइल डेटा पण बंद. डेव्हलपरवालं पण जमलं, केबल मुद्दाम काढून परत लावून बघितली. लेक पडवीत बसायला तयार नाही, तिथे मांजर येऊन टॅबवर बसते म्हणे, तर सध्या ब्लूटूथवर चाललंय. आवाज येतो, सरांचा चेहरा मधेमधे चौकोनी होतो. अ‍ॅप सगळी काढून टाकली.

पेठेतला_पाहुणा:
याच धाग्यात विचारतो, माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट आहे, वायफाय कार्ड गेलंय. यूएसबी टेदरिंगला ड्रायव्हर शोधायला लागेल का? आणि रूममेटचं मॅकबुक आहे.

वायरमन:
मिंटला काही लागत नाही, केबल लावा, टेदरिंग चालू करा, वायर्ड कनेक्शन म्हणून दिसेल. मॅकवर मात्र अँड्रॉइडचं यूएसबी टेदरिंग बऱ्याच फोनचं थेट चालत नाही. त्याला सरळ हॉटस्पॉट द्या.