मदत हवी आहे: वेगाने हुंगताना गंधपेशींचं नेमकं काय होतं?

नमस्कार. घ्राणेंद्रियावर सेमिनारची तयारी करतेय आणि एका मुद्द्यावर अडकलेय.

उंदीर निवांत असताना सेकंदाला साधारण २ ते ४ वेळा श्वास घेतो. नवा वास आला की हुंगण्याचा वेग १० च्या आसपास जातो. संथ श्वसनात चित्र स्पष्ट आहे: हवा आत आली की नाकातल्या गंधपेशी चेततात, पुढच्या श्वासापर्यंत बऱ्याच शांत होतात. पण या पेशींची आतली साखळी (वासाचा रेणू पकडणारा ग्राही, मग जी-प्रथिन आणि सायक्लिक एएमपी हे पेशीतले निरोपे, शेवटी भारित कण ये-जा करतात ते आयन-मार्ग) काही फार चपळ नाही. सेकंदाला १० वेळा हुंगलं तर एका हुंगण्याच्या वाट्याला जेमतेम १०० मिलिसेकंद येतात. मग प्रतिसाद एकमेकांत मिसळतात आणि सततच्या वासाला पेशी सरावतात. पार्श्वभूमीचा वास दबून नवा वास उठून दिसावा, हा त्याचा फायदा असावा असं मला वाटतं. पटतं का?

खरी अडचण पुढे आहे. यातल्या अनेक पेशी वास नसतानाही नुसत्या यांत्रिक दाबाला (हवेच्या झोतासारख्या) प्रतिसाद देतात, हे २००७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, आणि तेही त्याच सायक्लिक एएमपीच्या मार्गाने! मग जाग्या प्राण्यात नोंद घेताना दाबाचा वाटा आणि वासाचा वाटा वेगळा कसा करायचा? गंधहीन हवेचा प्रतिसाद सरळ वजा करणं मला चुकीचं वाटतं, कारण मार्ग एकच असेल तर दोन्हींची साधी बेरीज होणार नाही.

कॅल्शियम इमेजिंग (पेशींची सक्रियता प्रकाशाने टिपण्याची पद्धत) किंवा घ्राणकंदावर (गंधपेशींचे संदेश आधी पोचतात त्या मेंदूच्या भागावर) काम केलेल्यांनी कृपया सांगा, तुम्ही नियंत्रण-प्रयोग (तुलनेसाठीचा प्रयोग) कसा आखता?