२.४ आलं म्हणून मैदानावरचा फ्रिक्वेन्सी बोर्ड काढायचा का?

बाल्सावाला:
आमच्या रिमोटवर उडणाऱ्या मॉडेल विमानांच्या ग्रुपवर हा वाद पेटलाय म्हणून इथे मांडतो. नवीन पोरं म्हणतात आता सगळे २.४ गिगाहर्ट्झवर आहेत, रेडिओ आपली जागा आपणच शोधतो, मग कोण कोणत्या चॅनेलवर उडवतोय ते दाखवणारा तो चिमट्यांचा बोर्ड कशाला टांगायचा. माझं मत, बोर्ड राहिलाच पाहिजे. जुन्या ७२ मेगाहर्ट्झच्या रेडिओ सेटवर ११ ते ६० असे ५० चॅनेल, दोन चॅनेलमध्ये फक्त २० किलोहर्ट्झ. एकाचं विमान हवेत असताना दुसऱ्याने त्याच चॅनेलचा ट्रान्समीटर नुसता ऑन केला की वरचं विमान गेलं, आणि ज्याचं गेलं त्याची काडीची चूक नसते. म्हणून पद्धत होती, बोर्डावरून आपल्या नंबरचा चिमटा काढा, ॲन्टेनाला लावा, चिमटा नाही तर स्विचला हात नाही. हे सेट अजून संपलेले नाहीत, कितीतरी काकांचे ट्रेनर (शिकाऊ विमानं) आणि ग्लायडर त्यावरच आहेत आणि चांगले चालतायत.

बाइंडबहाद्दर:
दादा आदर ठेवून सांगतो, पटत नाही. २.४ मध्ये विमानातला रिसीव्हर आपल्या हातातल्या ट्रान्समीटरशी बाइंड असतो, म्हणजे त्यांची जोडी लावलेली असते, दुसऱ्याचा सिग्नल तो आपला म्हणून घेतच नाही, आणि आताच्या सिस्टीम सतत फ्रिक्वेन्सी बदलत उड्या मारतात. मुळात विमान पडलं की लोक आधी इंटरफेरन्स म्हणून मोकळे होतात. खरं कारण बऱ्याचदा ब्राउनआउट असतं, रिसीव्हरला वीज देणारा बीईसी छोटा, पंखाचे भाग हलवणाऱ्या सर्व्हो मोटर डिजिटल, जोरात लूप मारला की व्होल्टेज बसतं, रिसीव्हर रीस्टार्ट होतो, तोवर विमान जमिनीत. नाहीतर ॲन्टेना सिग्नल अडवणाऱ्या कार्बन फायबरच्या आत कोंबलेली. बोर्ड यातलं काय वाचवणार? तोच वेळ रेंज चेकला (सिग्नल किती लांब पोचतो ते बघायला) द्या, रिसीव्हरच्या दोन ॲन्टेना एकमेकींना काटकोनात ठेवा, फेलसेफला, म्हणजे सिग्नल तुटल्यावर, थ्रॉटल शून्य येतो का ते प्रॉप (पंखा) काढून बघा.

बाल्सावाला:
रेंज चेक हवाच, त्याला कोण नाही म्हणतंय. पण सगळे उड्या मारतात हे अर्धवट आहे. २.४ चीच जुनी पद्धत डीएसएम२ चालू होताना दोन मोकळे चॅनेल पकडतो आणि बंद होईपर्यंत तिथेच बसतो, उड्या त्यानंतरच्या डीएसएमएक्सपासून आल्या. सेकंडहँड बाजारात डीएसएम२ वाले रिसीव्हर अजून फिरतायत, तेव्हा आपल्या हातात नक्की काय आहे ते विचारा. आणि ७२ वर नुसतं चॅनेल वेगळं असून भागत नाही. २० आणि २२ वाले खांद्याला खांदा लावून उभे राहिले की दोघांच्या मिश्रणातून १८ आणि २४ वर खोटा सिग्नल तयार होऊ शकतो, १८ वाल्याला कळतसुद्धा नाही कोणी मारलं. म्हणून पायलट अंतर ठेवून उभे करायचे.

गॉगलगँग:
तुम्ही दोघं कंट्रोलवर भांडताय, आमचं दुखणं व्हिडिओचं आहे, आम्ही क्वाडवरच्या (चार पंख्यांच्या ड्रोनवरच्या) कॅमेऱ्याचं चित्र गॉगलमध्ये बघून उडवतो. व्हिडिओच्या ॲनालॉग ५.८ गिगाहर्ट्झला ना बाइंड ना उड्या. मी रेसबँड (शर्यतीच्या आठ व्हिडिओ चॅनेलचा संच) ३ वर शर्यतीच्या गेटमधून चाललोय आणि पिटमध्ये, म्हणजे तयारीच्या जागेत, कोणी त्याच चॅनेलवरच्या क्वाडला बॅटरी लावली की माझ्या गॉगलमध्ये त्याचं टेबल दिसायला लागतं!! तो रिमोटला हातही लावत नाही आणि माझा क्वाड भिंतीत. त्यामुळे बोर्ड आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त लागतो. आणखी एक, रेसबँडचा आर७ म्हणजे ५८८० मेगाहर्ट्झ आणि आर८ म्हणजे ५९१७, हे दोन्ही आपल्याकडच्या ५८७५ पर्यंतच्या विनापरवाना पट्ट्याच्या बाहेर जातात, आठ चॅनेल आहेत म्हणून आठ जण उडवू नका.

बाइंडबहाद्दर:
व्हिडिओचं मान्य, पण मग तो गॉगलवाल्यांचा वेगळा बोर्ड झाला. फोम बोर्डाचं पहिलं विमान घेऊन आलेल्या पोराला २.४ साठी चिमटा शोधायला लावणं म्हणजे उगाच घाबरवणं आहे.

सह्याद्रीसोअरर:
कोणी एक्सप्रेस एलआरएसचं, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेडिओ कंट्रोलचं, बोललंच नाही. लोक स्वस्तात मिळतं म्हणून ९१५ मेगाहर्ट्झचं मॉड्यूल मागवतात. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मोकळं आहे, आपल्याकडे ९१५ पर्यंतचा पट्टा मोबाइलच्या अपलिंकचा (फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या सिग्नलचा) आहे, म्हणजे आपण टॉवरच्या कानात ओरडतोय. ८६५ ते ८६८ आपल्याकडे खुला आहे आणि फर्मवेअरमध्ये (मॉड्यूलच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) भारतासाठी ८६६ चा पर्याय आहे, फ्लॅश करताना, म्हणजे ते भरताना, तो निवडा, आणि रिसीव्हरलाही तोच. मैदानावर कोण काय वापरतंय ते लिहिलेलं असेल तर असली गोष्ट निदान कोणाच्या तरी नजरेस पडते, म्हणून मी बाल्सावाल्या दादांच्या बाजूने.

बाइंडबहाद्दर:
ते फ्लॅश करतानाच तपासायचं काम आहे, बोर्डाचं नाही. माझा विरोध कायम. फक्त ज्या दिवशी कोणी ७२ चा सेट किंवा ॲनालॉग व्हीटीएक्स (व्हिडिओ ट्रान्समीटर) आणेल त्या दिवशी बोर्ड बाहेर काढा, ट्रान्समीटर एका टेबलावर जमा करा, इतकं मला चालेल.

बाल्सावाला:
आणि कोण काय घेऊन आलाय हे गेटवर विचारणार कोण? ते आधी ठरवा, मग बोर्ड उतरवू.