हार्थस्टोन (ऑनलाइन कार्ड गेम): खेळलं की जिंकतो, तरी रँक खाली चाललीय. नवं कार्ड जोखायचं कसं? (मदत हवी आहे)

चकलीचा_साचा:
मंडळी, नव्या सेटमधल्या एका ९ मानाच्या लेजंडरीवर (सर्वात दुर्मीळ प्रकारचं कार्ड; माना म्हणजे कार्ड खेळायचा खर्च, दर टर्नला वाढत मिळतो) १६०० डस्ट (कार्डं मोडून मिळणारं, नवी बनवायला लागणारं चलन) उधळून बसलोय. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा त्या कार्डाच्या चित्रावरच भरकटेल. आकडेवारीच्या साइटवर ‘प्लेड विनरेट’च्या (कार्ड खेळलं त्या डावांपैकी किती टक्के जिंकले) रकान्यात ते पार वर होतं, म्हणून डोळे मिटून क्राफ्ट केलं, म्हणजे डस्टने बनवलं. माझ्या ३० कार्डांच्या मिडरेंज (ना फार झटपट, ना फार संथ) वॉरियर डेकमध्ये एका जुन्या ४ मानाच्या कार्डाच्या जागी घातलं.

मी फोनवर खेळतो, डाव आपोआप नोंदवणारा ट्रॅकर नाही, म्हणून वहीत लिहितो. ४० डाव झाले, २२ जिंकले. कार्ड प्रत्यक्ष खेळलो ११ डावांत, त्यातले ९ जिंकले! म्हणजे ८२ टक्के. (गाडीत नेट गेल्यामुळे हरलेले तीन डाव धरलेले नाहीत, हवं तर चीटिंग म्हणा.) तरीही रँक महिनाअखेरीला जिथे असते त्याच्या बरीच खाली आहे. कार्ड चांगलं आहे की मीच ढ आहे? डस्ट करून टाकू का? आगाऊ धन्यवाद.

रात्रपाळी:
खेळलात ११ वेळा. हातात आलं किती वेळा?

चकलीचा_साचा:
वही काढली. २४ डावांत हाती आलं, त्यातले ११ जिंकलो. उरलेल्या १६ डावांत आलंच नाही, तिथेही ११ जिंकलो. अरेच्चा.

रात्रपाळी:
हां, आता बघा. हाती येऊनही खेळता आलं नाही असे १३ डाव, आणि त्यातले जिंकलात फक्त २. त्या ११ डावांत तुम्ही नवव्या टर्नला जिवंत होतात, बोर्ड ताब्यात होता, म्हणून ९ माना एका कार्डावर ओतायची चैन परवडली. तोवर निम्मा डाव जिंकलेलाच होता. महागड्या कार्डांचा प्लेड विनरेट नेहमीच असा गुटगुटीत दिसतो, मी तो रकाना बघतच नाही. ‘ड्रॉन’ बघा, म्हणजे हाती आल्यावर काय झालं ते.

तिखट_शेव:
रात्रपाळी, सहमत, पण अर्धवट. मिडरेंज डेक जे डाव सहाव्या-सातव्या टर्नला संपवतो, त्यात ३० पैकी निम्मी कार्डं हाती येतच नाहीत. म्हणजे झटपट विजय ‘आलं नाही’च्या खात्यात जमा होतात आणि रखडलेले डाव ‘आलं’च्या. त्या १६ पैकी ११ मध्ये हा गुण आहेच. त्यामुळे ड्रॉनचा आकडा एकटा वाचू नका, त्याच डेकमधल्या इतर कार्डांच्या ड्रॉनशेजारी ठेवा. लांबलेल्या डावांचा दोष सगळ्यांना सारखाच लागतो, मग जे तरीही तळाला राहतं ते काढायचं.

स्वस्त कार्डं असतील तर त्याहून बरं, मलिगनमध्ये (सुरुवातीच्या हातातली नको ती कार्डं बदलायची संधी) ठेवल्यावरचा विनरेट बघायचा. पहिल्या हातातलं कार्ड डाव लांबला म्हणून तिथे आलेलं नसतं. तुमचं ९ मानाचं कार्ड मलिगनमध्ये कोणी ठेवणार नाही, म्हणून तिथे हा उपाय नाही.

आणि ड्रॉनलाही अपवाद आहे. २०१६ च्या डिसेंबरातलं पॅचेस हे कार्ड आठवतंय का? कुठलंही पायरेट जातीचं कार्ड खेळा, हा डेकमधून आपोआप बोर्डावर उडी मारायचा, वर चार्ज, म्हणजे आल्याआल्या हल्ला. हातात आला की मात्र नुसता १/१ (अटॅक १, जीव १). ज्याचा हातात आलेला आकडा वाईट, तोच डेक चालायचं कारण! ड्रॉन बघून त्याला काढणारा फसला असता. शेवटी फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याचा चार्ज काढला.

गोटीसोडा:
त्याच खेपेला कॉरिडॉर क्रीपर हे कार्डही नर्फ झालं, म्हणजे गेमवाल्यांनी कमकुवत केलं, अटॅक ५ चा २. छापील किंमत ७ माना, पण हातात असताना बोर्डावरचा कोणताही मिनियन (लढणारं पात्र) मेला की एक माना कमी. अनेकांनी आधी ७ चा आकडा बघून नाक मुरडलं होतं. म्हणून ‘९ माना म्हणजे वाईट’ असा निष्कर्षही काढू नका. तुमचं कार्ड हातात पडून असताना काही करतं का?

चकलीचा_साचा:
काही नाही. नुसतं बसतं. परवाच एका हंटरसमोर पहिल्याच हातात आलं, मलिगनमध्ये फेकलं, तर तिसऱ्या टर्नला परत हजर. सहाव्या टर्नला मेलो तेव्हा हातात दोनच कार्डं, त्यातलं एक हे.

रात्रपाळी:
😀 पण ४० डावांवरून कोर्टात जाऊ नका. ढोबळ हिशेब: १ भागिले डावांचं वर्गमूळ. १०० डावांत आकडा दहा टक्के इकडे-तिकडे, ४० मध्ये साधारण सोळा. तुमचे ५५ टक्के म्हणजे ३९ ते ७१ मधलं काहीही. एचएसरिप्लेसारख्या साइटवर हजारो डाव असतात, तिथे कार्डाचा ड्रॉन विनरेट पूर्ण डेकच्या विनरेटपेक्षा वर आहे की खाली तेवढं बघा. सेट आल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस सोडून द्या, तेव्हा समोरचेही कच्चे डेक घेऊन आलेले असतात.

गोटीसोडा:
आणि डस्ट करू नका! ४०० च मिळतील. उद्या नर्फ झालं तर काही दिवस पूर्ण १६०० परत मिळतात, आत्ता मोडलंत तर ते गेले.

चकलीचा_साचा:
ठेवतो मग. डेकमधून मात्र काढलं, जुनं ४ मानाचं परत घातलं. वहीत आता तीन रकाने आहेत: आलं, खेळलं, जिंकलो. नव्या-जुन्या दोन्ही कार्डांसाठी भरतोय. एक शंका: हातात असून मुद्दाम खेळलो नाही, गरजच पडली नाही आणि जिंकलो, तर ते ‘आलं’मध्येच ना?

तिखट_शेव:
हो, ‘आलं’मध्येच. तिथे हात सैल सोडलात की परत ८२ टक्के.