लिनक्स सर्व्हर सांभाळायला शिकायचंय: पुस्तकं कुठली आणि कुठल्या क्रमानं?

रातपाळी_महापे:

नमस्कार मंडळी. मी महाप्याला एका डेटा सेंटरमध्ये मॉनिटरिंगला आहे, बहुतेक वेळा रातपाळीच. अलर्ट आला की तिकीट उघडायचं, ठरवून दिलेल्या कागदावरच्या कमांड द्यायच्या, त्यानं भागलं नाही तर एल-टूच्या, म्हणजे आमच्या वरच्या पातळीवरच्या टीमच्या, माणसाला फोन करून उठवायचं, असं काम. बीएस्सी फिजिक्स झालंय, दहावीपर्यंत मराठी माध्यम. आता एल-टूत एक जागा निघतेय. साहेब म्हणालेत, लिनक्स पक्कं कर, तुझं नाव पुढे करतो. सर्व्हर जास्त करून रेड हॅट आणि रॉकी या लिनक्सच्या प्रकारांवर. सेंटओएस ७ ची काही जुनी यंत्रं अजून आहेत, ती हलवायचं काम चालू आहे.

ठाणे स्टेशनजवळ क्लास लावून झाला, व्हिडिओही खूप पाहिले. कमांड पाठ झाल्या, पण आत काय चाललंय ते कळत नाही. परवाचंच सांगतो. एका सर्व्हरवर व्हार (लॉग जिथे साठतात ती डिरेक्टरी) भरल्याचा अलर्ट आला. कागदावर लिहिल्याप्रमाणे जुनी मोठी लॉग फाइल काढून टाकली. एलएस केलं (फाइलींची यादी काढली) तर फाइल गेलेली. डीएफ केलं (डिस्क किती भरलीय ते पाहिलं) तर पुन्हा शंभर टक्के! एल-टूचे दादा आले, दोन मिनिटांत काहीतरी केलं आणि जागा मोकळी झाली. विचारलं तर म्हणाले, ‘प्रोसेसनं धरून ठेवली होती.’ फाइल काढून टाकली तर धरली काय, हे तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

आमच्याकडे फ्लोअरवर मोबाईल नेता येत नाही, छापील पुस्तक चालतं. रात्री दोन ते चार बऱ्यापैकी शांत असतं. तेवढ्या वेळात वाचता येतील अशी पुस्तकं सांगा. इंग्रजी वाचतो, पण सावकाश. फोर्टला जुनी पुस्तकं स्वस्तात मिळतात, ती चालतील का?

तलावपाळी:

तुमच्या व्हारच्या किश्श्यापासूनच सुरू करते. कुठलं पुस्तक हवं ते त्यातूनच कळतंय.

लिनक्समध्ये फाइलचं नाव वेगळं आणि फाइल वेगळी. डिरेक्टरीत फक्त नाव आणि आयनोडचा नंबर असतो. फाइल कुणाची, परवानग्या काय, डिस्कवर कुठे कुठे ठेवलीय आणि तिला नावं किती, हे सगळं त्या आयनोडमध्ये. आरएम, म्हणजे फाइल काढायची कमांड, फक्त नाव पुसतो. नावांचा आकडा शून्यावर आला तरी एखाद्या चालू प्रोसेसनं ती फाइल उघडून ठेवली असेल तर कर्नल (लिनक्सचा गाभा) जागा सोडत नाही. म्हणून ती एलएसला दिसत नाही, फाइलींची जागा मोजणाऱ्या डीयूच्या बेरजेत येत नाही, पण डीएफ शंभर टक्केच दाखवतो. ‘एलएसओएफ +एल१’ दिलं की अशा नाव गेलेल्या पण उघड्या असलेल्या फाइली समोर येतात. ती सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा सुटते. रीस्टार्ट परवडणार नसेल तर फाइल पुसायचीच नाही, ‘ट्रंकेट’ करून शून्यावर आणायची. जुने लॉग आपोआप बाजूला काढणाऱ्या लॉगरोटेटमध्ये ‘कॉपीट्रंकेट’ हा पर्याय त्यासाठीच दिलाय. तुमच्या दादांनी बहुधा यातलंच काहीतरी केलं असणार.

हे कुठल्याही कमांडच्या यादीत सापडत नाही. म्हणून पुस्तक असं हवं की जे यंत्राच्या आतली रचना सांगतं. माझ्या मते ते ब्रायन वॉर्ड यांचं ‘हाउ लिनक्स वर्क्स’. तिसरी आवृत्ती घ्या, २०२१ ची. चौथं प्रकरण डिस्क आणि फाइलसिस्टिमवर आहे, त्यात आयनोड आणि लिंक काउंट नीट उलगडून सांगितलंय. पाचव्यात कर्नल कसा बूट होतो, सहाव्यात त्यानंतर सिस्टिमडी बाकीचं सगळं कसं उभं करतं. ही तीन प्रकरणं सलग वाचा, घाई करू नका. रात्री सर्व्हर बूट होताना अडकला की नेमका कुठल्या टप्प्यावर अडकलाय हे ओळखता यायला लागतं, आणि एल-टूचं निम्मं काम तेच आहे.

पण त्याच्या आधी विल्यम शॉट्स यांचं ‘द लिनक्स कमांड लाइन’ वाचून काढा. त्याची पीडीएफ लेखकानं स्वतःच मोफत ठेवलीय, छापीलही मिळतं. कमांड पाठ आहेत म्हणून हे गाळू नका. पाइप, रीडायरेक्शन, कोटिंग (अवतरणचिन्हांचा वापर), परवानग्या या गोष्टी त्यात इतक्या शांतपणे सांगितल्यात की सावकाश इंग्रजी वाचणाऱ्यालाही जड जात नाही. शेवटचा भाग शेल स्क्रिप्टचा आहे, तो वॉर्ड संपल्यावर घेतलात तरी चालेल.

तिसरं पुस्तक म्हणजे नेमेथ आणि सहकाऱ्यांचं ‘युनिक्स अँड लिनक्स सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशन हँडबुक’. पहिली आवृत्ती १९८९ ची, पाचवी २०१७ ची, बाराशेच्या वर पानं. हे सलग वाचायचं नाही. डीएनएसचं (नावावरून यंत्राचा पत्ता शोधण्याच्या व्यवस्थेचं) तिकीट आलं की डीएनएसचं प्रकरण, स्टोरेजचं आलं की ते. लेखक स्वतः वर्षानुवर्षं यंत्रं सांभाळलेले आहेत, त्यामुळे अमुक एक सोय वापरूच नका असं ते स्पष्ट लिहितात, आणि तसं मत देणारा माणूस रात्री तीन वाजता दुसरा कुणी भेटत नाही. मी वागळे इस्टेटला पहिली नोकरी धरली तेव्हा सर्व्हर रूममध्ये एकटीच बाई होते. या पुस्तकावरचं पहिलं नाव एव्ही नेमेथ हे एका बाईचं आहे हे कळलं तेव्हा किती धीर आला, ते आजही आठवतं. २०१३ साली त्या समुद्रप्रवासात बेपत्ता झाल्या. पाचवी आवृत्ती त्यांच्या सहकाऱ्यांनी पुरी केली.

पारसिक:

ताईंच्या यादीला माझं अनुमोदन. त्यात एका आपल्याकडच्या पुस्तकाची भर घालतो. सुमिताभ दास यांचं ‘युनिक्स: कन्सेप्ट्स अँड ॲप्लिकेशन्स’. आमच्या इंजिनिअरिंगला हेच होतं. सिस्टिमडी वगैरे त्यात नाही, पण ग्रेप, सेड, ऑक आणि व्हीआय या चार गोष्टींसाठी मी अजून तेच उघडतो. लॉगमधून नेमक्या ओळी काढायच्या असतील तर ऑकचं प्रकरण वाचाच. जुनी प्रत सहज मिळते.

आणि मराठीतून ऐकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीत आहेत, मोफत. छोटे छोटे आहेत. इंग्रजीत अडलेली संकल्पना तिथे एकदा मराठीत ऐकायची आणि परत पुस्तकाकडे यायचं.

कोपरखैरणेकर:

पैसे कशाला घालवताय? डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारावरचं ‘द डेबियन ॲडमिनिस्ट्रेटर्स हँडबुक’ पूर्ण मोफत आहे. राफाएल हर्त्झोग आणि रोलाँ मास यांचं. मूळ फ्रेंच पुस्तक होतं, लोकांकडून वर्गणी काढून इंग्रजीत आणलं आणि २०१२ मध्ये खुलं केलं. डेबियनवर ‘डेबियन-हँडबुक’ हे पॅकेज टाकलं की अख्खं पुस्तक मशीनवरच. फाल्कॉट नावाची एक काल्पनिक कंपनी घेऊन तिचे सर्व्हर कसे बसवले, अशा गोष्टीच्या अंगानं लिहिलंय. मी सगळं त्यातूनच शिकलो.

तलावपाळी:

कोपरखैरणेकर, पुस्तक उत्तम आहे, घरच्या यंत्रावर डेबियन असेल तर मी तेच सांगितलं असतं. पण यांच्या फ्लोअरवर रेड हॅट आणि रॉकी आहे. तिथे सॉफ्टवेअर बसवायला एपीटी नाही, डीएनएफ आहे. परवानग्यांच्या वरचा जादा पहारा म्हणून ॲपआर्मर नाही, एसईलिनक्स आहे, आणि तो एसईलिनक्सच नव्या माणसाला सगळ्यात जास्त रडवतो. परवानग्या बरोबर, मालक बरोबर, तरी वेब सर्व्हर फाइल उघडत नाही. कारण त्या फाइलचं एसईलिनक्सचं लेबल वेगळं आहे. बरेच जण अशा वेळी एसईलिनक्सच बंद करतात. कृपया तसं करू नका. ‘एलएस -झेड’नं लेबल बघा, ‘रीस्टोरकॉन’ चालवून ते मूळ जागेवर आणा, बऱ्याचदा तेवढ्यानंच भागतं. पदोन्नतीसाठी वेळ थोडा आहे, तेव्हा जे यंत्र रोज समोर येतं त्याचंच आधी शिकावं. रेड हॅटची स्वतःची कागदपत्रं त्यांच्या साइटवर आहेत, त्यातली एसईलिनक्स आणि नेटवर्किंगची छापून घ्या.

आता फोर्टच्या जुन्या पुस्तकांचं. चालतील, पण पहिल्या पानावर साल बघूनच घ्या. रेड हॅटमध्ये सिस्टिमडी आलं २०१४ मध्ये, आवृत्ती ७ पासून. डेबियनमध्ये २०१५ साली. त्याआधीच्या पुस्तकातली रनलेव्हल आणि इनिट स्क्रिप्टची (बूट झाल्यावर सर्व्हिस चालू करायच्या जुन्या पद्धतीची) प्रकरणं आज तुमच्या कामाची नाहीत. नेटवर्कचंही तसंच. इफकॉन्फिगच्या जागी आता ‘आयपी’ आहे, आणि नेटवर्क-स्क्रिप्टमध्ये हातानं फाइल लिहायला सांगणारं प्रकरण आवृत्ती ९ वर लागू पडत नाही, तिथे एनएमसीएलआय ही कमांड वापरायची. मात्र प्रोसेस, सिग्नल, परवानग्या, पाइप, रेग्युलर एक्स्प्रेशन हे वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातही जसंच्या तसं खरं आहे. ओ’रायलीच्या प्राण्यांच्या चित्रांच्या पुस्तकांची भारतीय आवृत्ती तर आपल्या नवी मुंबईतलेच श्रॉफ पब्लिशर्स काढत आलेत. ‘डीएनएस अँड बाइंड’ची २००६ ची पाचवी आवृत्ती कुठे दिसली तर उचला. नाव विचारल्यावर उत्तर कुठून कुठे फिरून येतं, ते इतकं खोलात जाऊन सांगणारी पुस्तकं फार नाहीत.

रातपाळी_महापे:

खूप खूप आभार! ‘एलएसओएफ +एल१’ कालच टेस्ट सर्व्हरवर करून पाहिलं. एका टर्मिनलवर ‘टेल -एफ’नं फाइल उघडी ठेवली, दुसऱ्यावरून पुसली. यादीत फाइल दिसली आणि तिच्या नावापुढे ‘डिलीटेड’ असं आलं. पहिल्यांदाच असं वाटलं की मला काहीतरी दिसतंय.

एकच शंका. मॅन पेज (यंत्रावरच असलेली कमांडची माहितीपानं) वाचायला गेलं की डोकं फिरतं. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनटॅबचं मॅन पेज काढलं, तर वेळ कशी लिहायची तेच त्यात नाही. पुस्तक असताना ते वाचायलाच हवं का?

तलावपाळी:

हवंच. नेट नसलेल्या सर्व्हरवर तेवढंच तुमच्याजवळ असतं. पुढे आरएचसीएसएची, म्हणजे रेड हॅटची प्रमाणपत्राची, परीक्षा द्यायचं ठरवलंत तर तिथेही नेट मिळत नाही, यंत्रावरची मॅन पेज मात्र बघता येतात.

तुम्ही जे उघडलंत ते पहिल्या विभागातलं, म्हणजे कमांडचं पान. मॅन पेजचे विभाग असतात. १ मध्ये कमांड, ५ मध्ये फाइली कशा लिहायच्या ते, ८ मध्ये ॲडमिनच्या कमांड. क्रॉनटॅब नावाची कमांडही आहे आणि फाइलही. ‘मॅन ५ क्रॉनटॅब’ द्या, मिनिट, तास, तारीख, महिना, वार हे पाचही रकाने तिथे उदाहरणांसकट सापडतील. नाव आठवत नसेल तर ‘मॅन -के’ आणि पुढे विषयाचा शब्द. आणि पान उघडलं की वरून वाचत बसू नका. मोठा ‘जी’ दाबून थेट तळाशी जा, उदाहरणं असली तर बहुतेक वेळा शेवटाकडे असतात. खाली ‘सी ऑल्सो’मध्ये शेजारच्या पानांची नावं असतात, तीही बघत चला.

वॉर्डचं चौथं प्रकरण झालं की ‘डीएफ -आय’ काय दाखवतं ते इथे लिहा. जागा शिल्लक असूनही डिस्क भरल्याचा अलर्ट येण्याचं दुसरं कारण त्यात आहे.